चाळ पाडायच्या आधी: गिरगाव-काळबादेवीतली लाकडी इमारत दुरुस्त करण्याची रीत

गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी, भुलेश्वर या वस्त्या सुधारायच्या म्हटलं की बोलणं थेट टॉवरवर जातं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत धावायला लागली, गिरगाव आणि काळबादेवीची स्थानकं उघडली, तेव्हापासून तर जास्तच. पण टॉवरचे कागद जुळेपर्यंत कित्येक पावसाळे जातात आणि तेवढे पावसाळे आहे त्या इमारतीलाच काढायचे असतात. शिवाय बऱ्याच चाळींचा सांगाडा, म्हणजे बर्मा टीकचे (ब्रह्मदेशी सागाचे) खांब आणि तुळया, मधल्या भागात अजून ठणठणीत असतो. सडलेली असतात ती टोकं: खांबाचा बुंधा, भिंतीत शिरलेलं कडीचं (जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडाचं) तोंड, मोरीखालचा कडीपाट (कड्या आणि त्यांवरच्या फळ्या).

पुढची सगळी माहिती तळमजला अधिक दोन-तीन मजल्यांच्या, लाकडी सांगाड्याच्या, चुन्यात बांधलेल्या विटांच्या आणि कौलारू छपराच्या चाळीसाठी आहे. आरसीसी इमारतीला यातलं काही लावू नका, तिथला आजार वेगळा आणि औषधही वेगळं.

कामाचा क्रम एकच: आधी पाणी, मग लाकूड, मग भिंत, आणि रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो, कारण वर्गणी दिलेल्या माणसाला रंग दिसतो आणि नहाणी ट्रॅप (मोरीच्या तोंडाचा सांडपाण्याचा सापळा) दिसत नाही.

परवानगी आणि कागद

इमारत उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणारी) आहे का ते मालमत्ता कराच्या बिलावरून कळतं. दुरुस्ती उपकर त्याच बिलात महापालिका वसूल करते. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, त्यानंतर ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या 'ब' वर्गात आणि पुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात येतात. गिरगावातल्या लाकडी चाळी जवळजवळ सगळ्या 'अ' वर्गातल्या. अशा इमारतीची संरचनात्मक दुरुस्ती म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करतं, पण प्रति चौरस मीटर ठरलेल्या खर्चमर्यादेतच. वरचा खर्च रहिवाशांना भरावा लागतो. खोलीतली मोरी, फरशी, वायरिंग मंडळाच्या कामात येत नाही. मंडळाकडे अर्ज करा, पण मोरीचे पैसे वेगळे उभे करा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार इमारत नीट ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं काम केलं नाही तर भाडेकरू ते स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र वर्षाला वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पागडीच्या खोलीचं नाममात्र भाडं पाहता त्या चतुर्थांशात कौलांची एक पाटीही येत नाही. तरी नोटीस द्याच. पुढे कुठेही वाद गेला तर 'आम्ही कळवलं होतं' याचा तोच पुरावा.

कौलं परतणं, आहे त्याच साहित्यानं गिलावा, फरशी, रंग ही किरकोळ दुरुस्ती धरली जाते. खांब बदलणं, भिंत हलवणं, संडासाचा मनोरा नव्यानं बांधणं हे त्यात बसत नाही. त्यासाठी अभियंत्याचे नकाशे आणि मंजुरी लागते. खोताची वाडीसारख्या वारसा क्षेत्रात असाल तर वारसा विभागाला आधी विचारा.

महापालिका धोकादायक इमारतींचे वर्ग करते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं. सी-२ब म्हणजे माणसं आत असताना संरचनात्मक दुरुस्ती, आणि सी-३ किरकोळ. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. सी-१ लागलेल्या इमारतीत या लेखातलं काहीही करू नका. तिथे सामान बांधणं हेच काम.

तपासणी: काय मागायचं

स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालात प्रत्येक खांबाला क्रमांक हवा, प्रत्येक मजल्याचा नकाशा हवा, आणि कोणती कडी किती लांबीपर्यंत सडली ते सेंटीमीटरमध्ये हवं. 'सर्वसाधारण स्थिती असमाधानकारक' अशा वाक्यांवर ठेकेदार भाव देऊ शकत नाही आणि रहिवासी भांडू शकत नाहीत. लाकडी इमारतीच्या अहवालात रिबाउंड हॅमरचे आकडे दिसले तर तो अहवाल दुसऱ्या इमारतीवरून उचललेला समजा. ती चाचणी काँक्रीटची आहे.

लाकूड तपासायला टोचा, अर्धा किलोचा हातोडा आणि ओलावा मोजायचं मीटर पुरतं. खांबावर तळापासून दर १५ सेंटीमीटरला ठोका. भरीव लाकूड टणटण वाजतं, पोकळ लाकूड बद्द. बद्द आवाज आला तिथे टोचा दाबा. निरोगी सागात तो दोन-तीन मिलिमीटरवर अडतो, सडक्यात मुठीपर्यंत जातो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीची कूज पुढे सरकत नाही. मीटर २५-३० दाखवत असेल तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधा, त्याशिवाय नवं लाकूड घालू नका.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, तळमजल्यावरच्या खांबाचा तळखड्याला (खांबाखालच्या दगडाला) टेकलेला भाग. दुकानदारांनी फरशीवर फरशी चढवत नेलेली असते, त्यामुळे तळखडा गाडला जातो आणि खांब थेट पोछ्याच्या पाण्यात उभा राहतो. दुसरी, मोरीखालच्या कड्या. तिसरी, गॅलरीच्या कड्या जिथे इमारतीतून बाहेर निघतात ती जागा. चौथी, संडासाचा मनोरा आणि मुख्य इमारत यांच्यामधला सांधा. तिथे वरपासून खालपर्यंत उभी भेग असेल तर मनोरा वेगळा खचतोय. पाचवी, छपराची पन्हळ जिथे भिंतीला टेकते ती ओळ.

भेग जुनी की चालू हे डोळ्यांनी ठरवू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंचा गिलावा खरवडून विटेवर तीन मिलिमीटर जाडीची काचपट्टी आडवी चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भेग हलतेय. बाहेरच्या भिंतींना वरून ओळंबा सोडा, दर मजल्याला भिंतीपासूनचं अंतर मोजून ठेवा आणि पावसाळ्याआधी व नंतर पुन्हा मोजा. भिंत कलली असणं नवं नाही. वर्षागणिक आकडा वाढणं वाईट.

आणि पाऊस थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत धुवांधार पाऊस झाला; भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली ती ३१ तारखेला सकाळी, ३३ माणसं गेली. जुन्या चुन्याच्या भिंती पाणी पिऊन जड आणि मऊ होतात, आणि त्या सुकायला पावसाच्या कितीतरी पट वेळ लागतो. दारं अचानक अडकणं, गिलाव्याची वाळू झरझर पडणं, रात्री लाकूड कडकडणं, नवी भेग: यातलं काहीही दिसलं तर आधी माणसं बाहेर, मग फोन.

पाणी: छप्पर

कुलाब्याला एका मोसमात साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. २० मीटर बाय १० मीटरच्या छपरावर तासाला ५० मिलिमीटर पडला तर तासाभरात दहा हजार लिटर पाणी पन्हळीत येतं. पन्हळ कबुतरांच्या घाणीनं आणि तुटक्या कौलांनी भरलेली असेल तर हे सगळं पाणी भिंतीच्या माथ्यावरून तुळईत उतरतं. निळं प्लास्टिक टाकून गळती थांबते असं वाटतं, पण खाली कोंडलेल्या दमटपणानं वासे कुजतात. एक पावसाळा निभावायला ठीक. दुसऱ्या वर्षीही तेच प्लास्टिक दिसलं तर वासे तपासा.

मंगलोरी कौलं चौरस मीटरला १५ ते १६ लागतात. वरच्या मापाच्या उतरत्या छपराला साधारण ३,५००, आणि फूट-तूट धरून दहा टक्के जास्त घ्या. नवी आणि जुनी कौलं एकाच पाखीवर (छपराच्या एका उतारावर) मिसळू नका. कारखाना बदलला की खाचा जुळत नाहीत. चांगली जुनी मागच्या पाखीवर, नवी पुढच्या. रिपांमधलं (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर कागदावरून ठरवू नका. चार कौलं जमिनीवर एकात एक बसवून मांडा, टाचेपासून टाचेपर्यंत मोजा, साधारण ३२ सेंटीमीटर येतं, तेच माप वर न्या. वाऱ्याच्या तोंडावरच्या, म्हणजे नैर्ऋत्येच्या बाजूच्या कडेची दोन-तीन ओळ कौलं तांब्याच्या किंवा स्टेनलेस तारेनं रिपेला बांधा. साधी लोखंडी तार समुद्राच्या हवेत फार टिकत नाही.

पन्हळीला दर मीटरला किमान ५ मिलिमीटर उतार, प्रत्येक उतरत्या पाइपच्या तोंडावर जाळी, आणि दर १०-१२ मीटरला १०० मिलिमीटरचा एक पाइप. पाइप भिंतीपासून किमान २५ मिलिमीटर सुटा ठेवा, म्हणजे सांधा फुटला तरी पाणी भिंतीत जिरत नाही आणि मागून रंगही मारता येतो.

पाणी: मोरी

चाळीचा खरा शत्रू इथे बसलेला आहे. मूळ खोलीत मोरी लहान होती, पाणी वेळेवर यायचं, वापर बेताचा होता. नंतर प्रत्येक पिढीनं गळती थांबवायला जुन्या कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) नवा कोबा चढवला. १.२ मीटर बाय ०.९ मीटरच्या मोरीत १५ सेंटीमीटर विटकरी कोबा म्हणजे सुमारे ३०० किलो. वर २०० लिटरचा भरलेला पिंप ठेवला की अर्धा टन, तोही दोन-तीन कड्यांवर. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून आखतात.

गळती कुठून आहे हे आधी सिद्ध करा. नहाणी ट्रॅप कापडाचा बोळा आणि मातीनं बंद करा, मोरीत ५ सेंटीमीटर पाणी भरा, त्यात गेरू कालवा आणि २४ तास सोडा. खालच्या छताला लाल ओल आली तर मोरीची जमीन गळते. नाही आली, तर बोळा काढून तेच पाणी सोडा. आता आली तर दोष ट्रॅपमध्ये किंवा पाइपच्या सांध्यात. ही साधी चाचणी न करता अख्खी मोरी फोडणारे ठेकेदार पुष्कळ आहेत.

नवी मोरी करताना जुना कोबा कडीपर्यंत पूर्ण काढा. फोडायला ब्रेकर मशिन नको, छन्नी-हातोडाच वापरा. कंपनानं शेजारच्या खोलीतला गिलावाही सुटतो. निघालेला माल खोलीत रचू नका, त्याच दिवशी खाली उतरवा. कड्या उघड्या करून पंधरा दिवस वाळू द्या, सडलेल्या दुरुस्त करा. मग त्यांवर १९ मिलिमीटर मरीन प्लाय (आयएस ७१०) स्टेनलेस स्क्रूनं बसवा, सांधे भरा, वर वॉटरप्रूफिंगचा लवचीक थर दोन हातांत, एकमेकांना आडवे. हा थर भिंतीवर किमान ३० सेंटीमीटर चढवा, आंघोळीच्या बाजूला दीड मीटर. त्यावर ३०-४० मिलिमीटरचा हलका उतार, साठ भागांना एक, आणि वर टाइल. ५० मिलिमीटरची पाण्याची सील असलेलाच नहाणी ट्रॅप घ्या. उथळ ट्रॅप उन्हाळ्यात सुट्टीत गावी गेलं की सुकतो आणि झुरळं थेट गटारातून वर येतात. टाइल लावण्याआधी गेरूची चाचणी पुन्हा. खालच्या खोलीतल्या बाईंनी 'हो, कोरडं आहे' म्हटल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

बाहेरचे बिडाचे पाइप तडकलेले असतील तर तुकड्यातुकड्यानं बदलू नका, वरपासून खालपर्यंत अख्खी उभी ओळ बदला. बिडाला यूपीव्हीसी जोडलेला सांधा पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो, कारण दोघांचं प्रसरण वेगळं.

पाणी: घरगल्ली आणि रस्ता

दोन चाळींमधली घरगल्ली डबा संडासांच्या काळात मैला काढायला ठेवलेली होती. आज ती कोणाचीच नाही, म्हणून सगळ्यांचा कचरा तिथे. गल्लीत साचलेलं पाणी इमारतीच्या पायात मुरतं आणि जोत्याला ओल चढते. कचरा उपसून झाला की मधोमध किंवा एका बाजूला उतरती नाली काढा. खालून ड्रेनेज पाइप असेल तर १०० मिलिमीटरला चाळीसात एक आणि १५० मिलिमीटरला साठात एक हा उतार सांभाळा. जास्त उतार दिला की चांगलं असं नाही. पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. दर वळणाला चेंबर, प्रत्येक उभ्या पाइपच्या पायाशी गली ट्रॅप (गटाराचा वास अडवणारा सापळा). गल्लीला काँक्रीटनं भिंतीपर्यंत ठासून बंद करू नका. भिंतीला लागून १५ सेंटीमीटरची खडीची पट्टी सोडा, जोतं तिथून सुकतं. पहिल्या मजल्याच्या पातळीवर जाळी ताणली तर कचरा जाळीवर दिसतो आणि टाकणाऱ्यालाही लाज वाटते. जाळी आठवड्याला साफ करायचा माणूस नसेल तर मात्र ती लावूच नका.

रस्त्यांची पातळी थरावर थर चढून जोत्याच्या वर गेलेली असते. मुंबईचं जुनं पर्जन्यजलवाहिन्यांचं जाळं ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेलं होतं, आणि अनेक नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाणी उलट चढतं. दुकानांच्या उंबऱ्याआधी झाकणाची आडवी नाली, शटरच्या चौकटीत सरकवायची ४५ सेंटीमीटर उंच फळी आणि शेवटच्या चेंबरला परत येणारं पाणी अडवणारा झडपेचा व्हॉल्व्ह, एवढं केलं तर माल वाचतो. व्हॉल्व्ह मेअखेरीस उघडून साफ करा; त्यात अडकलेली एक पिशवी पुरे होते.

लाकूड

आधी टेकू. चूक इथेच होते आणि ती जीवघेणी असते. तिसऱ्या मजल्यावरची तुळई उचलायची असेल तर टेकू तिसऱ्यावर, दुसऱ्यावर, पहिल्यावर आणि तळमजल्यावर, एकाखाली एक, जमिनीपर्यंत हवेत. वरच्याच मजल्यावर लावलेला टेकू भार फक्त खालच्या जमिनीवर ढकलतो. प्रत्येक टेकूच्या खाली आणि वर जाड फळी. तळमजल्यावर खाली जुनी टाकी किंवा चेंबर नाही ना, ते पाहा.

तीन मीटर बाय तीन मीटरचा भाग पेलणाऱ्या तळमजल्याच्या आतल्या खांबावर तीन मजले नि छप्पर मिळून १२ ते १५ टन भार सहज असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस टनी हायड्रॉलिक जॅक घ्या आणि एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त चढवू नका. खांबाखाली हॅकसॉचं पातं सरकलं की थांबा. शंभर वर्षं खचलेली जमीन सरळ करायचा मोह आवरा. ती सरळ झाली तर वरच्या तीन मजल्यांच्या चौकटी आणि गिलावा तडकतो. जॅकच्या तेलावर भार ठेवून रात्र काढायची नाही, संध्याकाळी स्टीलचे टेकू घट्ट करूनच काम बंद.

बुंधा सडलेला असेल तर निरोगी लाकूड लागेपर्यंत, वर आणखी पाच सेंटीमीटर घेऊन, सपाट कापा. कापून पडलेली मोकळी जागा ३०-४५ सेंटीमीटरची असेल तर तिथे पुन्हा लाकूड न घालता काळ्या दगडाचा घडीव तळखडा बसवणं उत्तम. दगड आणि लाकूड यांमध्ये शिशाचा पत्रा किंवा बिटुमेनचा जाड फेल्ट, मधोमध २० मिलिमीटरची स्टेनलेस पिन. लाकडाचा तळ फरशीच्या वर किमान १५ सेंटीमीटर राहायला हवा. दुकानदार मागून टाइल चढवणार नाही हे लेखी घ्या.

कडीचं तोंड सडलं तर शेजारी त्याच मापाची नवी सागाची कडी लावा. जुन्या निरोगी लाकडावर किमान ९० सेंटीमीटर जोड, १२ मिलिमीटरचे चार गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, एका रेषेत न घेता वर-खाली, नाहीतर लाकूड त्या रेषेत चिरतं. भिंतीतल्या खोबणीत कडी दगडाच्या बैठकीवर ठेवा आणि बाजूंना व टोकाला २०-२५ मिलिमीटर हवा ठेवा. मिस्त्री सवयीनं ही फट सिमेंटनं गच्च भरतो. भरली की तेच तोंड पुन्हा सडणार, कारण भिंतीतली ओल बाहेर पडायला लाकडाशिवाय वाट उरत नाही.

वाळवी जुन्या सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. ती नंतर घातलेल्या हलक्या लाकडाला, पाचरींना, प्लायला लागते. जोत्याच्या रेषेत दर ३० सेंटीमीटरला १२ मिलिमीटरचं भोक पाडून औषध भरा, पण मोरीची गळती चालू असेल तर पैसे घालवू नका.

गॅलरी वेगळी बघा. तिच्या कड्या आतून बाहेर झेपावलेल्या असतात आणि सगळा ताण भिंतीपाशी येतो, नेमकं जिथे पागोळ्यांचं पाणी मुरतं तिथे. पाडव्याची शोभायात्रा किंवा विसर्जनाची मिरवणूक बघायला माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात तेव्हा चौरस मीटरला ३००-४०० किलो भार येतो. कड्यांची मुळं तपासून झाली नसतील तर त्या दिवशी गॅलरीला दोरी बांधा. लोक चिडतात, चिडू द्या. कठडा मीटरभर उंच हवा. जुने बरेच कठडे कमरेखाली असतात.

भिंत, चुना आणि पिंपळ

चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा हा या भागातला सर्रास दिसणारा गुन्हा. सिमेंट कडक आणि कोंदट, भिंत मऊ आणि ओलसर. पाणी आत अडकतं, मीठ पृष्ठभागामागे साचतं आणि दोन-तीन वर्षांत पापुद्रा विटेचा थर घेऊन पडतो. सिमेंट काढून एक कोरडा मोसम भिंत उघडी ठेवा.

चुना एक भाग, सुरखी (विटांची पूड) एक भाग, चाळलेली खडी चुरी दोन भाग, हे प्रमाण ओलसर भिंतीला चालतं. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. टाकाऊ सिमेंट लागलेल्या विटांची पूड चालत नाही. समुद्राची वाळू कोणत्याही भावात नको. कळीचा चुना विझवून किमान दोन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. कच्चा राहिलेला खडा गिलाव्यात गेला तर तो नंतर फुलतो आणि भिंतीवर खड्डे उडतात. गूळ, मेथी घालायची जुनी रीत आहे, पण मुरवणं चुकलं तर ती काही वाचवत नाही. शंभर चौरस फुटांना २० मिलिमीटर जाडीसाठी साडेसहा घनफूट तयार माल. खाचाखोचा आणि सांडलवंड धरून आठ. दोन थरांत, प्रत्येकी १० मिलिमीटर, मध्ये आठवडाभर. उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. एप्रिलच्या मध्यानंतर बाहेरचा गिलावा सुरू करू नका. पावसाच्या आत तो पुरेसा घट्ट होत नाही.

पिंपळाचं रोप ओढून उपटू नका, मुळं विटांमध्ये तुटतात आणि दुप्पट फुटतात. अ‍ॅसिड तर मुळीच नको, ते आधी चुना खातं. खोड भिंतीलगत कापा आणि कापल्याबरोबर, चीक सुकायच्या आत, ग्लायफोसेट हे तणनाशक ब्रशनं कापावर लावा. मूळ पूर्ण मेलं की काढा आणि पोकळी चुन्याच्या पातळ मालानं भरा.

वीज, दुकानं, पैसे

मीटरचा फळा लाकडी जिन्याखाली असेल तर तो हलवणं हे रंगाच्या कितीतरी आधीचं काम. आग तिथे लागली तर सुटकेचा एकमेव रस्ताच जळतो. बेस्टकडे अर्ज करून मीटर बाहेरच्या भिंतीवर घ्या, प्रत्येक खोलीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). एसीचे बाहेरचे युनिट गॅलरीच्या कठड्याला टांगू देऊ नका.

दुकानाचं शटर रुंद करायला कापलेला खांब किंवा भिंत शोधताना लाजू नका, छताचं प्लायचं झाकण काढायला लावा. पाट्या, दिवे, रंग यांचं एकत्र ठरवलं तर रस्ता खुलतो. मात्र पाटीचे खिळे लाकडी पाटईत (खांबांवरच्या आडव्या तुळईत) न मारता वेगळ्या चौकटीवर घ्या.

वर्गणी दोन खात्यांत: छप्पर, खांब, जिना, पाइप सगळ्यांचं, दुकानदारांसकट; मोरी ज्याची त्याची. तळमजल्याचे लोक 'छप्पर आमच्यावर नाही' म्हणतील. छपराचं पाणी ज्या खांबातून उतरतं तो त्यांच्या गल्ल्याशेजारी उभा आहे, एवढं दाखवा. ठेका एकरकमी देऊ नका. खांब नगावर, कडी धावत्या फुटावर, गिलावा चौरस फुटावर, आणि भिंत उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी १५-२० टक्के राखीव. काम दिवाळीनंतर सुरू, छप्पर होळीपर्यंत बंद.

पुनर्विकासाचा विचार चालू असेल तर ही दुरुस्ती आड येत नाही. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली ५१ टक्के रहिवाशांची संमती आणि निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र. ३३(९) च्या समूह योजनेला शहरात किमान ४,००० चौरस मीटर जागा. चिंचोळ्या वाडीतला एकटा भूखंड बहुतेकदा हिशेबात बसत नाही, म्हणून शेजारच्या चाळींशी बोलणी आधी.

ठेकेदाराचे दहा टक्के एक पूर्ण पावसाळा हातात ठेवा. पहिल्या मोठ्या सरीनंतर, मोठ्या भरतीच्या दिवशी आणि गणपतीच्या आधी, असं तीनदा वरपासून खालपर्यंत फिरा. ओलावा मीटरचे आकडे खांबांच्या क्रमांकासमोर वहीत लिहा. सप्टेंबरअखेर आकडे २० च्या खाली असतील आणि काचपट्ट्या अखंड असतील तर बाकीचं बिल चुकतं करा.